अंगाची तक्रार आणि सरकारी आकडा

1921 च्या मार्चमध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपलं केंद्र सुरू केलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक होता, डॉक्टर नव्हता. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, 1923 साली त्यांनी ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक काढलं, 1927 च्या जुलैपासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे आणि ती बहुधा एकाच चालीवर सांगितली जाते: एकटा माणूस एका बाजूला, सनातनी समाज दुसऱ्या बाजूला. त्यात खोटं काही नाही. पण या चालीवर सांगताना त्या कामाचा सगळ्यात उपयोगी भाग झाकला जातो. कोणत्या बाईला कोणतं साधन मानवेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. ते वापरल्यावर कळतं, आणि कळतं ते तिच्याच तक्रारीतून. म्हणून संततिनियमनाचा इतिहास साधनांच्या शोधांपेक्षा वेगळ्या अंगाने वाचायला हवा. वापरून बघितल्यावर परत येऊन ‘हे मला सोसत नाही’ असं म्हणायला बाईला जागा कुठे होती, आणि तिथे तिचं ऐकून घेतलं का, हे बघावं. त्या कसोटीवर आपली शंभर वर्षं तपासली, तर कर्व्यांचं छोटंसं काम पुढच्या अवाढव्य सरकारी कार्यक्रमापेक्षा एका बाबतीत पुढे होतं असं म्हणावं लागतं.

त्या काळी हाताशी असलेली साधनं बघा. पुरुषांसाठी रबरी पिशवी, स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसणारी रबरी टोपी किंवा तिच्याहून मोठा पडदा, जोडीला शुक्रजंतू मारणारी जेली किंवा गोळी. गर्भनिरोधकांच्या सगळ्या इतिहासात माप घेऊन द्यायची वस्तू म्हणून टोपी आणि पडद्याइतकं दुसरं साधन क्वचितच सापडेल. पडदा वेगवेगळ्या व्यासांत मिळे, दोन मापांमध्ये पाच मिलिमीटरचा फरक. तपासणारीने बोटाने आतलं अंतर अजमावायचं, एक कडी बसवून बघायची, बाईला उठवून चालायला लावायचं, मग विचारायचं. लहान पडली तर सरकते, मोठी पडली तर टोचते. बाळंतपण झालं की माप बदलतं, वजन बरंच वाढलं किंवा उतरलं तरी बदलतं, म्हणजे परत यायलाच हवं. ज्या साधनाला चष्म्यासारखा नंबर असतो, ते देणाऱ्याला बाईशी दोन शब्द बोलल्यावाचून गत्यंतर नसतं. वस्तूच्या घडणीतच विचारपूस होती. कर्व्यांच्या मोठेपणातला थोडा वाटा त्या रबराला द्यायला मला हरकत दिसत नाही.

त्या रबराच्या अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. ते धुऊन, पुसून, पावडर लावून ठेवावं लागे आणि मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ते लवकर खराब होई. शिवाय बसवायला आडोसा हवा. गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत सहा-आठ माणसं, नळ सामाईक, मोरी खोलीच्याच कोपऱ्यात आणि संडास गॅलरीच्या टोकाला. तिथे ही वस्तू धुवायची कधी, वाळवायची कुठे आणि सासूच्या नजरेआड ठेवायची कशी? साधन शरीराला मानवतं की नाही हे ठरवताना खोलीचाही हिशेब धरावा लागतो. परदेशी माल असल्यामुळे किंमतही गिरणीकामगाराच्या खिशाला परवडणारी नव्हती. तेव्हा पहिला आक्षेप इथेच येतो: कर्व्यांचं काम मूठभर शिकलेल्या, पांढरपेशा जोडप्यांपुरतं होतं, त्याची तुलना खेड्यापाड्यांत पोचलेल्या सरकारी कार्यक्रमाशी करणं अन्यायाचं आहे. आक्षेपाचा पहिला भाग मान्यच आहे. त्याला आणखी एक भर मीच घालतो. त्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीला सुप्रजाशास्त्राचा उग्र वास होता. ना. सी. फडक्यांनी 1927 साली याच विषयावर इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक सुप्रजननाच्या चळवळीसाठी केलेलं आवाहन होतं. सोलापुरात डॉ. ए. पी. पिल्ले यांचं कामही त्याच विचारातून उभं राहिलं. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये, हे ठरवायचा अधिकार आपल्याकडे आहे असं मानणारी ही मंडळी होती. पुढे सरकारने ज्या चुका केल्या त्यांचं बी इथेही होतं. कर्व्यांचा भर मात्र वेगळ्या ठिकाणी होता. त्यांच्या युक्तिवादाच्या मध्यभागी राष्ट्र नव्हतं, बाई होती. मूल नको असण्याचा आणि कामसुख हवं असण्याचा तिला स्वतःचा हक्क आहे, हे ते आडपडदा न ठेवता लिहीत, आणि म्हणूनच ते इतरांपेक्षा जास्त खुपत.

‘समाजस्वास्थ्या’त वाचकांची पत्रं येत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरं देत. त्या पत्रांत माणसं आपल्या शरीराबद्दलच्या शंका विचारत. डॉक्टरला, आईबापांना किंवा गुरुजींना विचारता येणार नाहीत अशा शंका. 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा जो खटला झाला तो नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक लैंगिक शंका विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर द्यायला नको का, असा बाबासाहेबांचा साधा युक्तिवाद होता. खटला हरले, दंड झाला. बाबासाहेबांनी मात्र तो विषय सोडला नाही. 1938 साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव आणला, तो फेटाळला गेला. बाई म्हणून, माणूस म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवं, हे तत्त्व मुंबईच्या न्यायालयात स्वातंत्र्याच्या तेरा वर्षं आधी मांडलं गेलं आणि नाकारलं गेलं, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्यावं.

दुसरी बाजू वर्ध्याला होती. 1935 च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना तिथे भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध होता. संयम हाच उपाय, आणि नवऱ्याला नकार द्यायला बाईने शिकावं हे त्यांचं म्हणणं. बरीच चर्चा झाल्यावर पाळीच्या हिशेबाने ‘सुरक्षित दिवस’ पाळण्याची पद्धत त्यातल्या त्यात सोसण्याजोगी आहे, इथवर ते आले. या छोट्या सवलतीचे परिणाम मोठे झाले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या निकटच्या. कुटुंबनियोजन सरकारी पातळीवर घ्यायचं ठरलं तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पहिले प्रयोग झाले ते याच पद्धतीचे, 1952 च्या सुमारास दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे. अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन यांनी त्यासाठी रंगीत मण्यांची माळ केली. रोज एक मणी सरकवायचा, धोक्याच्या दिवसांचे मणी एका रंगाचे, बिनधोक दिवसांचे दुसऱ्या. ज्या बायकांची पाळी दर महिन्याला मागेपुढे होते, ज्यांचं मूल अंगावर पितं आहे, ज्यांच्या नवऱ्याला मण्याचा रंग विचारायची सवय नाही, त्या सगळ्यांना माळ तीच. शरीराच्या चालीवर सर्वस्वी अवलंबून असलेली पद्धत सर्वांना एकाच मापाची वाटली गेली. प्रयोग फसल्यावर ‘बायकांना वाटलं नुसता मणी सरकवला की झालं’ असे किस्से मात्र वर्षानुवर्षं सांगितले गेले. फसगतीचा दोष पद्धतीवरून उचलून बाईच्या अडाणीपणावर ठेवायची ही रीत तेव्हापासूनची.

तोवर मुंबई या विषयाची राजधानी झाली होती. 1949 साली धनवंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संघटना इथे स्थापन झाली, 1952 साली जागतिक परिषद इथे भरली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचा जन्मही इथेच झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी 65 लाख रुपये ठेवले गेले. असा अधिकृत कार्यक्रम हाती घेणारा भारत जगातला पहिला देश. पण कार्यक्रमाचं कारण बदललं होतं. जन्मदर राष्ट्रीय अर्थव्यवस्थेला झेपेल इतका खाली आणायचा होता. बाईच्या तब्येतीचा उल्लेख होता, पण तो जोडीला. कारण बदललं की मोजायची गोष्टही बदलते. दवाखान्यात बाई पुन्हा आली तर विचारपूस होते. आकड्यांच्या कार्यक्रमात पुन्हा आलेली बाई म्हणजे कमी झालेला आकडा.

हे सगळ्यात उघडं पडलं लूपच्या वेळी. जॅक लिप्स या अमेरिकन डॉक्टरने केलेला, गर्भाशयात बसवायचा, नागमोडी वळणाचा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा लूप 1965 मध्ये भारतात आला. स्वस्त, एकदा बसवला की वर्षानुवर्षं काम करणारा, रोज काही लक्षात ठेवायला नको. तज्ज्ञांना वाटलं प्रश्न सुटला. पहिल्या दोन वर्षांत देशात मिळून सुमारे 17 लाख लूप बसवले गेले. मग आकडा घसरला तो सावरला नाही. कारण साधं होतं. लूपने पाळीत रक्त जास्त जातं. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिथे ही किरकोळ गोष्ट नव्हे. अंगावरून जात राहतं, कंबर धरते, चक्कर येते, शेतात वाकून खुरपणं होत नाही. शिबिरात बसवणारी डॉक्टर पुढच्या गावाला गेलेली, तक्रार घेऊन जायचं कोणाकडे? काढून द्यायला कोणी नाही. मग गावात बोलणं पसरलं: लूप पोटात वर चढतो, नवऱ्याला इजा होते. यातलं बरंच बोलणं अर्थातच चुकीचं होतं. पण ‘अफवांमुळे कार्यक्रम फसला’ हे सरकारी निदान त्याहून चुकीचं होतं. खरी तक्रार नोंदवायला रजिस्टर नसलं की ती तोंडातोंडी फिरते, आणि फिरता फिरता तिला शिंगं फुटतात. मुळाशी रक्तस्राव होता, आणि तो अफवा नव्हता.

याच्या शेजारी गोळीचा इतिहास ठेवून पाहावा. 1960 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत, एनोव्हिडमध्ये, इस्ट्रोजेन होतं 150 मायक्रोग्रॅम. त्याआधी पोर्तो रिकोतल्या गरीब वस्त्यांत तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हाही बायकांनी मळमळ, डोकेदुखी, चक्कर यांच्या तक्रारी केल्या होत्या, आणि त्या बायकांच्या मनाचे खेळ म्हणून बाजूला सारल्या गेल्या. म्हणजे तिथलेही शास्त्रज्ञ काही फार ऐकणारे नव्हते. फरक पुढे पडला. 1969 साली बार्बरा सीमन यांनी गोळीच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिलं, 1970 मध्ये अमेरिकी सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, तिथे बायकांनी आरडाओरडा करून आपलं म्हणणं ऐकवलं. गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती घालणं बंधनकारक झालं, आणि मात्रा उतरत गेली. आज आपल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या गोळीत इस्ट्रोजेन आहे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे मूळच्याचा पाचवा हिस्सा. पाकिटात 21 गोळ्या संप्रेरकाच्या आणि 7 लोहाच्या. ही पाचपट घट फक्त प्रयोगशाळेतल्या सद्बुद्धीने झाली नाही. ज्यांना गोळी सोसली नाही, त्यांच्या तक्रारींचा त्यात मोठा वाटा आहे. तक्रारीतून साधन सुधारतं याचा इतका लख्ख पुरावा दुसरा नसेल. लूपच्या तक्रारी अफवा ठरल्या नसत्या, तर लूपच्याच जातीच्या तांबीला खेड्यापाड्यांत आजही जी धास्ती चिकटलेली आहे ती कदाचित नसती.

लूपचा आकडा पडल्यावर सरकार शस्त्रक्रियेकडे वळलं. 1966 मध्येच केंद्राने दर ठरवून दिले होते: लूपमागे 11 रुपये, पुरुष नसबंदीमागे 30, स्त्रीच्या शस्त्रक्रियेमागे 40. बाई किंवा बुवा आता ‘केस’ झाला, आणि केस आणणाऱ्याचाही त्यात हिस्सा होता. मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं निघाली: लोकल पकडायला आलेला माणूस तासाभरात मोकळा. शास्त्र म्हणून बघितलं तर पुरुष नसबंदी ही उपलब्ध शस्त्रक्रियांत सगळ्यात सोपी, पोट उघडायला नको, भूल फक्त जागेपुरती. बायकोच्या शरीराला सगळ्यात मानवणारं साधन पुष्कळदा नवऱ्याच्या शरीरावर करायचं असतं, ही गोष्ट त्या स्थानकांवरच्या केंद्रांनी काही काळ तरी मान्य केली होती. स्वतः कर्व्यांनीही नसबंदी करून घेतली होती. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना टार्गेटं होती आणि केस न आणणाऱ्याचा पगार अडत होता. महाराष्ट्राने तर त्याही पुढे पाऊल टाकलं. तीन हयात मुलं असलेल्या जोडप्याला नसबंदी सक्तीची करणारं विधेयक 1976 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. असं करणारं ते देशातलं एकमेव राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. संततिनियमनाच्या सोयी द्या म्हणणारा ठराव 1938 मध्ये ज्या विधिमंडळाने फेटाळला, त्याच्याच वारसाने अडतीस वर्षांनी संततिनियमन सक्तीचं करायचं ठरवलं. दोन्ही वेळी प्रत्यक्ष बाईला काय हवं हे विचारायची गरज कोणाला भासली नाही.

आणीबाणीनंतरच्या वर्षी एकूण शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर कोसळल्या, आणि मग पुन्हा वाढल्या त्या बायकांच्या. पुरुषांनी मतपेटीतून तक्रार नोंदवली होती आणि ती ऐकली गेली. सरकारने निष्कर्ष काढला तो मात्र भलताच. सक्ती वाईट असं न ठरता पुरुष अडचणीचे असं ठरलं. दुर्बिणीचं ऑपरेशन नुकतंच आलं होतं, एका शिबिरात ढिगाने बायका ‘उरकता’ येत होत्या. शाळेच्या वर्गखोलीत सतरंज्यांवर ओळीने निजवलेल्या बायका हे त्या दशकांचं चित्र. त्याचा कडेलोट 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात झाला. एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली, त्यांतल्या 13 जणी दगावल्या. 2016 मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा असा आदेश दिला.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. महाराष्ट्रात आज लग्न झालेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि त्यातल्या बहुतेक जणी ते आपणहून करून घेतात. दोन मुलं झाली, त्यात एक मुलगा झाला, की पंचविशीच्या आसपास ‘आता ऑपरेशन करून टाकते’ असं त्या स्वतः म्हणतात. गोळी रोज आठवायला नको, नवऱ्याची मर्जी सांभाळायला नको, एकदाच काय तो त्रास. मग त्यांच्या पसंतीवर आपण कोण बोट ठेवणार? आक्षेप खरा आहे, आणि या बायकांचं शहाणपण कमी लेखणं म्हणजे पुन्हा मण्यांच्या माळेच्या किश्श्यासारखाच उद्धटपणा होईल. पण त्या शहाणपणाकडे जरा निरखून बघावं. ज्या साधनासाठी पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही तेच त्या निवडतात. परत गेलं तर कोणी ऐकून घेणार नाही हा त्यांचा, त्यांच्या आयांचा आणि सासवांचा अनुभव आहे. तांबी बसवली आणि सोसली नाही, तर काढून कोण देणार? गोळ्या संपल्या आणि उपकेंद्रात साठा नसला, तर? ऐकून घेणारा दवाखाना नसलेल्या ठिकाणी परत जावं न लागणारं साधन हीच शहाण्या बाईची निवड असते. ती निवड आहे, पण अशा परिस्थितीतली. पंचविशीत ऑपरेशन झालेल्या बाईला पुढची वीस वर्षं कोणतंही साधन ‘बदलायचं’ राहत नाही, आणि पहिलं मूल आणि दुसरं मूल यांत अंतर ठेवायच्या वर्षांत तिच्या हाताशी काही नव्हतंच, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

इंजेक्शनांच्या वादात माझ्या मांडणीला उलटा पुरावा आहे असं कोणी म्हणेल. 1985 च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या पाटणचेरू इथे नेट-एन या दोन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाचं शिबिर भरवलं जात असताना हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांना दिसलं, की हा प्रयोग आहे हे बायकांना सांगितलंच गेलेलं नव्हतं. 1986 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्त्रीसंघटनांच्या विरोधामुळे इंजेक्शनं सरकारी कार्यक्रमात यायला पुढे तीन दशकं लागली: ‘अंतरा’ या नावाने तीन महिन्यांचं इंजेक्शन आलं 2017 मध्ये. डॉक्टर मंडळी विचारतात, नवऱ्याच्या नकळत घेता येईल असं एक साधन या विरोधाने तीस वर्षं बायकांपासून दूर ठेवलं, त्याचं काय? त्यात तथ्य आहे. ज्यांना गोळी लपवता येत नाही आणि तांबी सोसत नाही, अशा बायकांचं नुकसान झालंच. पण इंजेक्शन हे असं साधन आहे की एकदा टोचलं की काढता येत नाही. पाळी अनियमित होते, कधी महिनोन्‌महिने येतच नाही, आणि बंद केल्यावर दिवस राहायला वर्षभराच्या आसपास वेळ लागू शकतो. हे आधी सांगितलं तर बाई धीराने घेते, न सांगता झालं तर घाबरते. विरोधकांचं भांडण औषधाशी जेवढं होतं तेवढंच न सांगणाऱ्या व्यवस्थेशीही होतं. त्यांनी व्यवस्था सुधारेपर्यंत औषध थांबवलं आणि व्यवस्था तीस वर्षं सुधारली नाही. याचा दोष कोणाच्या पदरात घालायचा हे वाचकाने ठरवावं, माझ्या मते तो थांबवणाऱ्यांचा नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली सेंटक्रोमन ही गोळी तर कोणी अडवली नव्हती. स्टेरॉइड नसलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्याला एकच घ्यायची ही देशी गोळी 1991 मध्ये बाजारात आली, आणि ‘छाया’ नावाने सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पंचवीस वर्षं गेली. तिला विरोध नव्हता, तशी घाईही नव्हती.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. प्रत्येक बाईचं शरीर बघून साधन द्यायला डॉक्टर कुठून आणणार? हे वाटतं तितकं अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 पासून प्रत्येक साधनासाठी शरीरस्थितीनुसार चार गट पाडून दिले आहेत: खुशाल वापरा, सहसा चालेल, शक्यतो टाळा, मुळीच नको. उदाहरण म्हणून नेहमीची इस्ट्रोजेनवाली गोळी घ्या. बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत आणि मूल अंगावर पितं आहे, तर मुळीच नको. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होतं, तर नको. पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली होती, तर नको. रक्तदाब फार चढलेला असेल, तर नको. हे ठरवायला पाच-सहा प्रश्न आणि रक्तदाबाचं यंत्र लागतं. आतून तपासणीचीही गरज नाही. उपकेंद्रातली नर्सबाई हे करू शकते, आशाताई प्रश्न विचारू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, साधन वापरणाऱ्या बायकांपैकी सुमारे 62 टक्के जणींना दुष्परिणामांची माहिती कधीतरी दिली गेली होती. आधीच्या फेरीपेक्षा हे बरं आहे. तरीही प्रत्येक तीन जणींमागे एकीला काहीच सांगितलेलं नाही, आणि सांगण्यापलीकडे विचारणं तर त्या पाहणीत मोजलेलंच नाही.

लोकसंख्येचं काय, हा प्रश्न आता विचारायची वेळ निघून गेली आहे. 1996 च्या एप्रिलमध्ये देशभर टार्गेट पद्धत कागदावर तरी बंद झाली. त्यानंतरही महाराष्ट्रात बाईमागे मुलांचं प्रमाण खालीच येत गेलं: 1992-93 मध्ये 2.9 होतं, 2019 ते 21 मध्ये 1.7 झालं. तीन मुलं असतील तर सरपंच होता येत नाही हा नियम आपण तरी कवटाळून बसलो आहोत, ते असो. आकडा खाली आणायचं काम झालेलं आहे. आता दुसरा आकडा ठेवायला हरकत नसावी. जिल्हा आरोग्य कार्यालयं दरवर्षी किती तांब्या बसवल्या, किती इंजेक्शनं दिली, किती ऑपरेशनं केली ते छापतात. त्याच तक्त्यात, त्याच ओळीत, बाईच्या सांगण्यावरून किती तांब्या काढून दिल्या, किती जणींना साधन बदलून दिलं आणि कोणत्या तक्रारीवरून, हेही छापावं. जिथे काढून देण्याचा रकाना शून्य असेल, तिथल्या बसवण्याच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवू नये.